नातवाची जर्सी मी परत करून आलो

आमच्या घरात माझा उपयोग उदाहरण म्हणून होतो. गॅसवाल्याची वाट बघायला मी, दळण आणायला मी, आणि नातवाला भीती घालायचीच झाली तर तिथंही मीच. "आबांचं बघ," म्हटलं की काम झालं. मी समोर बसलेला असतो, कान शाबूत आहेत, तरी भिंतीवरच्या फोटोविषयी बोलावं तसं बोलतात.

त्या रविवारी सकाळी तसंच झालं. मी खाली बसून गवारी मोडत होतो. इथं चेन्नईच्या कडेला, आवडी गावात, गवारी चांगली मिळत नाही, निबर असते, शिरा काढता काढता नखं दुखतात. मुलगा खुर्चीत, सूनबाई दारात, आणि नातू जमिनीवर पाय पसरून. पोरगा वीस वर्षांचा. नुंगंबाक्कमच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे असं म्हणायचं, पण त्याचं खरं शिक्षण मैदानावर चाललंय. फुटबॉल खेळतो. डाव्या पायाचा आहे, डाव्या बाजूनं पळतो, आणि पळतो ते बघण्यासारखं पळतो. हे मी आजा म्हणून सांगत नाही, खेळलेला माणूस म्हणून सांगतो. त्या पायावरच कॉलेजनं त्याला फी न घेता जागा दिली.

आता झालं असं, की मोठ्या लीगमधल्या एका क्लबचा माणूस त्याचा खेळ बघून गेला आणि फोनवर कागद पाठवला. दोन वर्षांचा करार. शिबिर पुढच्या सोमवारी सुरू, गोव्याकडं. सही शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत. म्हणजे कॉलेज अर्ध्यात सोडायचं. परीक्षा तीन आठवड्यांवर, तीही सोडायची.

"डिग्री हातात येऊ दे, मग काय गोंधळ घालायचा तो घाल," मुलगा म्हणाला. "दीड वर्षाचा तर प्रश्न आहे."

"अप्पा, दीड वर्षानं मला कोण विचारणार? तिकडं सतरा-अठराची पोरं येतायत. आत्ताच मला म्हातारा म्हणतात."

"अरियर किती राहिले ते सांग आधी," सूनबाई दारातून म्हणाली. अरियर म्हणजे नापास होऊन मागं राहिलेले पेपर. इथल्या घराघरांत हा शब्द आहे, मिठासारखा.

"तीन."

"चार."

"अम्मा, तो चौथा रीव्हॅल्युएशनला दिलाय!"

"म्हणजे चार."

सूनबाई शाळेत मास्तरीण आहे, तिला आकड्यात कोण फसवणार. ती तंजावरकडची. त्यांच्या घरात दहा-बारा पिढ्या मराठी बोलतात, पण ते मराठी ताम्रपटातून उचलल्यासारखं. मी कोल्हापूरचा. लग्न होऊन आली तेव्हा सहा महिने आम्ही दोघं एकमेकांशी मराठीत बोलून शेवटी तमिळमध्ये खुलासा करायचो.

मग मुलानं हुकमी पान टाकलं. "आबांचं बघ. सातवीतनं शाळा सोडली, फुटबॉलच्या नादानं घर सोडून इथं आले, चार वर्षांत गुडघा गेला आणि जन्मभर लेथवर उभे राहिले. असलं व्हायचंय तुला?"

माझ्या हातातली गवारी तशीच राहिली.

"असलं म्हणजे कसलं रं?"

"आबा, तुम्हाला नाही म्हणत."

"मग शेजारच्याला म्हणतोस?"

"मामा, तुम्हीं उगे रहा," सूनबाई म्हणाली. "हें पोराचें चाललें आहे."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत माझंही मत मुलासारखंच होतं. शीक बाबा, परीक्षा दे, मग जा. पण 'असलं' म्हणाला. अहो, ज्या लेथवर मी उभा राहिलो त्या लेथवर केसाएवढा फरक पडला तर माल भंगारात जायचा, आणि माझा माल भंगारात जात नव्हता. बाहेरून साहेब आले की फोरमन त्यांना माझ्या मशीनपाशी आणायचा. त्या लेथनं या मुलाला डिप्लोमा दिला. त्या डिप्लोमानं तो श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, कंपनीच्या एसी बसमधून डुलक्या घेत जातो आणि घरी येऊन मला 'असलं' म्हणतो.

"जाऊ दे त्याला," मी म्हणालो. "माझं ऐकाल तर उद्याच जाऊ दे. बी.कॉम. होऊन काय लोणचं घालायचंय?"

नातवानं उडी मारून माझा खांदा धरला. "ताता! सुपर, ताता!" मुलगा उठून गच्चीवर गेला. सूनबाईनं माझ्यासमोरची गवारीची परात उचलली आणि आत नेऊन स्वतः मोडायला घेतली. आमच्या घरात त्याचा अर्थ, यांना आता काही काम सांगू नका.

माझी गोष्ट अशी. कोल्हापुरात आमच्या पेठेची तालीम होती. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण आमच्याकडं फुटबॉलचा संघही तालमीचाच असतो. माणूस क्लबात नसतो, तालमीत असतो. जन्मतो तिथंच, भांडतो तिथंच. आमचे वस्ताद कुस्ती शिकवायचे आणि फुटबॉलच्या वेळी रेषेबाहेर उभे राहून शिव्या घालायचे. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण कोण चुकारपणा करतोय ते बरोबर कळायचं.

तालमीतली एक रीत होती. कुणी गाव सोडून, नोकरीला किंवा दुसरीकडं खेळायला निघाला, की त्यानं आपली जर्सी धुऊन, घडी घालून मारुतीपुढं ठेवायची. वर नारळ, पानं. वस्ताद ती उचलणार आणि आपल्या हातानं त्याला परत देणार. म्हणजे जा, पण आमचा म्हणून जा. एवढंच. यात भाषण नाही, हार नाही. पण हे केल्याशिवाय गेला तो पळून गेला, असं धरायचे.

मी पळून गेलो. अठरा वर्षांचा होतो. आवडीच्या कारखान्याचा खेळाचा अधिकारी स्पर्धा बघायला आला होता. त्यांना डाव्या बाजूचा गडी पाहिजे होता. त्यानं कागद पुढं केला, मी सही केली आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत बसलो. वस्तादांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, पुढच्या महिन्यात पलीकडच्या पेठेशी मॅच आहे, ती खेळून जा. तेवढा धीर माझ्याजवळ नव्हता. नंतर गावी गेलो की तालमीच्या रस्त्यानं जायचो नाही, मागच्या बोळातनं जायचो. अजून तसाच जातो. वस्ताद जाऊन किती वर्षं झाली.

म्हणून मी नातवाला सोमवारी सकाळी सांगितलं, "जायचं तर जा. पण आधी तुझ्या कोचकडं जा, जर्सी पुढं ठेव, विचारून ये."

तो बूट घासत होता. "ताता, असं इथं कोणी करत नाही."

"इथं कोणी करत नाही म्हणून तर इथली टीम अशी खेळते."

"क्लबवाल्यानं सांगितलंय, सही होईपर्यंत कॉलेजला कळू देऊ नको. कोच अडवून धरतात म्हणून."

"चोरी करतोयस का?"

"ताता, प्लीज. रिलॅक्स."

रिलॅक्स! हा शब्द कुणी काढला त्याला मला एकदा भेटायचंय. पोरगा पाठीवर पिशवी टाकून गेलासुद्धा.

मंगळवारी दुपारी गच्चीवरच्या दोरीवर त्याची कॉलेजची जर्सी वाळत होती. निळी, पाठीवर अकरा नंबर. मी ती काढली. इस्त्री केली. वर्तमानपत्रात गुंडाळली. नाक्यावरून नारळ घेतला, विड्याची पानं घेतली. नातू त्या दिवशी कॉलेजला गेला नव्हता, आत झोपला होता. सूनबाई शाळेतून आली आणि मी चपला घालताना दिसलो.

"मामा, या उन्हांत कोठें?"

"बँकेत. हयातीचा दाखला द्यायला."

"तो मागल्या आठवड्यांत दिलात ना?"

"परत मागितलाय. त्यांना खात्री नाही."

आवडीहून गाडीनं सेंट्रल, तिथं रस्ता ओलांडून पार्क स्टेशन, तिथून तांबरमची गाडी आणि नुंगंबाक्कम. माझ्या गुडघ्याला जिने चालत नाहीत, पण चढलो. कॉलेजच्या मैदानाच्या कडेला पत्र्याची खोली होती. आत कोच बसलेले. पंचावन्नच्या पुढचे, गळ्यात शिट्टी, पायात रबरी चप्पल, टेबलावर केळ्यांचा फणा. मला बरं वाटलं. माणूस वस्तादासारखा दिसत होता.

मी माझ्या तमिळमध्ये सांगितलं. पन्नासपेक्षा जास्त वर्षं बोलतोय, तरी लोकांना अजून त्यात कोल्हापूर ऐकू येतं. "सार, मी अकरा नंबरचा आजोबा. पोराला क्लबचं बोलावणं आलंय. तो चाललाय. हे तुमच्यापुढं ठेवायला आलोय." आणि पुडकं सोडून जर्सी टेबलावर ठेवली, वर नारळ, पानं.

कोच माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी नारळ उचलून बाजूला ठेवला, जर्सी उलगडली, नंबर बघितला, शिवण बघितली.

"बूट कॉलेजचे आहेत का?"

"नाही सार. त्याचे स्वतःचे."

"मोजे?"

"तेही त्याचेच."

त्यांनी एक रजिस्टर काढलं, त्यात काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं फिरवलं. "इथं सही करा, पेरियवरे." पेरियवर म्हणजे वडीलधारे. मानानं बोलले, मी मानानं सही केली. मराठीत करतो मी, ठळक. मग त्यांनी जर्सी कपाटात ठेवली आणि कपाट लावलं.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. वाटलं, देवाला दाखवून देत असतील. अर्धा तास झाला. कोच बाहेर आले, शिट्टी वाजवली, मला बघून थांबले.

"अजून काही होतं का?"

"ते... जर्सी."

"मिळाली. लिहिलंय मी. काळजी करू नका."

वाटलं, उद्या पोराच्याच हातात देतील, तेच जास्त बरं. नारळ त्यांनी बाहेरच्या पिल्लैयारपुढं, म्हणजे गणपतीपुढं, फोडायला पाठवला होता, त्यातला तुकडा मला दिला. तो खात मी घरी आलो. इतका खूश होतो की सूनबाईनं भाजीत घातलेल्या हिंगाबद्दलही काही बोललो नाही.

बुधवारी दुपारी नातू आला तो दार आपटतच.

"ताता! काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"माझं नाव काढलं टीममधून! कोचनी ऑफिसला लिहून दिलंय, मी टीम सोडली म्हणून. ओडी कॅन्सल!"

ओडीचं त्यानं हात नाचवत सांगितलं ते असं. कॉलेजच्या संघात असलेल्या पोराची मॅचच्या आणि सरावाच्या दिवसांची गैरहजेरी हजेरी धरतात. संघात नाव नाही तर ते सगळे दिवस गैरहजर. गैरहजर तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे माझ्या एका नारळात पोराचं वर्ष फुटलं.

"पण ती परत द्यायची असते!" मी म्हणालो.

"कोण परत देतं, ताता? किट जमा केलं की किट जमा झालं! तुम्ही सही केलीत! मला दाखवली त्यांनी! एवढी मोठी, मराठीत!"

"तुला जायचंच होतं न्हवं? मग परीक्षेचं काय रडतोस?"

"मी ठरवलं नव्हतं अजून!"

हे मला नवीन होतं. तीन दिवस घरात बोंब चालली होती ती मग कशाची? पोरगा भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, घरात दोन बाजू झाल्या, अप्पा एकीकडं, तुम्ही एकीकडं, मला कोणी विचारलंच नाही. मी फक्त नाही म्हणणाऱ्यांना हो म्हणत होतो.

संध्याकाळी मुलगा कंपनीच्या बसमधून उतरून आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो माझ्याकडं बघून हसला. रागावला असता तर चाललं असतं. "आबा, तुम्ही जन्मात एक तरी कागद वाचून सही केलीय का?"

मी उठून झाडांना पाणी घालायला गेलो.

परीक्षा हातची गेली म्हटल्यावर आता उरला तो क्लबचा कागद. तोपर्यंत तो कुणी नीट वाचलाच नव्हता. मुलगा वाचायच्या आधी नाही म्हणत होता, मी वाचता येत नसताना हो म्हणत होतो. सूनबाईनं नातवाच्या फोनवरून तो छापून आणवला, लाल पेन घेतलं आणि उत्तरपत्रिका तपासायला बसावं तशी बसली. एकेक कलम इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची.

"येथें म्हणतात, दुखापत होऊन आठ आठवड्यांहून अधिक खेळतां न आल्यास क्लब करार संपवूं शकतो."

"पुढं?"

"पुढें कांही नाहीं, मामा. येथेंच संपतें."

"उपचार?"

"त्याचें कांहीच लिहिलें नाहीं."

माझा गुडघा गेला तेव्हा मी अकरा महिने धड उभा राहू शकत नव्हतो. कारखान्यानं मला काढलं नाही. फोरमननं लेथपाशी स्टूल ठेवलं. म्हणाला, पाय दमला की बस, हात तर चालतात. खेळायला म्हणून नेलं होतं, पण नोकरी कायमची होती. खेळ गेला, नोकरी राहिली. त्या नोकरीवर लग्न झालं, हे वरचं दोन खोल्यांचं बांधकाम झालं, हा हसणारा मुलगा झाला.

आणि हे लोक मला उदाहरण म्हणून वापरतात! मुलगा वापरतो जाऊ नको म्हणून, मी वापरतो जा म्हणून. आणि माझ्या उदाहरणातली मुख्य गोष्टच या कागदात नाही. आठ आठवडे! आठ आठवड्यांत माझ्या गुडघ्याची सूजसुद्धा उतरली नव्हती.

"हे लिहून घे त्यांच्याकडनं," मी नातवाला म्हणालो. "गुडघा गेला तर उपचार त्यांनी करायचा आणि दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं."

मला वाटलं मुलगा आता हसणार. तो हसला नाही. "बरोबर आहे," म्हणाला. "आमच्या गेटवर कंत्राटी पोरं असतात. बोट कापलं की दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा. पहिल्याचं नावही राहत नाही कुणाच्या लक्षात." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या कॉलेजला जा तुम्ही दोघं. ते ओडीचं आधी निस्तरा."

गुरुवारी नातू आणि मी गेलो. गाडीत तो माझ्यापासून दोन बाकं लांब बसला. उतरताना मात्र जिन्यावर माझा दंड धरला, रागानंच, पण धरला.

कोचना मी सगळं सांगितलं. तालीम, मारुती, वस्ताद, जर्सी परत द्यायची रीत. सांगताना मला माझाच राग येत होता. मैदानावर पोरं ओरडत होती, खोलीत पंखा खडखडत होता, आणि मी साठ वर्षांपूर्वीच्या आखाड्यातलं तमिळमध्ये भाषांतर करत होतो.

कोच ऐकून घेऊन म्हणाले, "पेरियवरे, मुलं क्लबला जातात ते मला फोनवरच्या फोटोंतून कळतं. नवीन जर्सी घालून हसत उभी असतात. सांगायला आलेले तुम्ही पहिले. मला वाटलं, घरच्यांनी ठरवून वडील माणसाला पाठवलंय, आपण पोराला अडकवून ठेवायचं नाही. म्हणून त्याच दिवशी मोकळं केलं."

म्हणजे त्यांनी चांगुलपणानं माझ्या पोराचं वाटोळं केलं होतं. आणि मीही. आता कुणावर ओरडायचं?

मग ते नातवाकडं वळले. "तू बोल. चाललायस का राहतोयस?"

"सार, एक गोष्ट त्यांना विचारायचीय. मग सांगतो."

"काय?"

नातवानं दुखापतीचं कलम सांगितलं. कोच केळं सोलता सोलता थांबले. "हे तुला कोणी शोधून दिलं?"

"अम्मानं. आणि..." त्यानं माझ्याकडं नुसती मान हलवली.

"विचार. अवश्य विचार. नाव मी परत घालतो, ओडीचंही ऑफिसला लिहितो. गेलास तर पुन्हा काढू, कागदच आहे." मग त्यांनी कपाट उघडलं आणि बंद केलं. "अकरा नंबर मात्र नाही. तो काल पहिल्या वर्षाच्या एकाला दिला. दिलेली जर्सी मी काढून घेत नाही."

वस्तादही असंच बोलले असते. मला त्या माणसाचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

शुक्रवारी दुपारी नातवानं क्लबच्या माणसाला घरूनच फोन लावला. फोन मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला, कारण सूनबाईची तशी अट होती. मुलानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. पोरगा चांगलं बोलला. अडखळला नाही. सार, बाकी सगळं मान्य, फक्त दुखापत झाली तर उपचाराची आणि कराराची एक ओळ लिहून द्या.

पलीकडचा माणूस आधी हसला. मग धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "तंबी, सगळे याच कागदावर सही करतात. तुझ्या जागी दोघं उभे आहेत. तू खेळायला येतोयस का कोर्टात जायला?"

"खेळायलाच, सार. म्हणून विचारतो."

"सहा वाजेपर्यंत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हा चार वाजले होते. पोरगा दारातल्या पायरीवर जाऊन बसला, फोन मांडीवर ठेवून. सही त्या फोनवरच बोटानं करायची होती म्हणे, म्हणजे पेनसुद्धा लागत नव्हतं. त्या दोन तासांत आमच्या घरात कुणी कुणाला उदाहरण दिलं नाही. सूनबाईनं कॉफी केली आणि पोराच्या शेजारी ठेवली. ती तिथंच निवली. मुलगा वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होता. मला तीनदा वाटलं उठून सांगावं, अरे कर सही, बघू काय होतं ते. तीनदा वाटलं सांगावं, फेकून दे तो फोन. एकदाही उठलो नाही. गुडघ्यामुळं नव्हे.

सहा वाजले. तो उठला, निवलेली कॉफी एका घोटात प्याला आणि म्हणाला, "भूक लागलीय."

नंतरचे दिवस वाईट गेले. मुलगा चार जणांना फोनवर सांगत होता, "शेवटी मी म्हणत होतो तेच झालं." काय म्हणत होता हा? हा डिग्रीचं म्हणत होता, पोरगा थांबला तो एका ओळीसाठी. पण समजावणार कुणाला. क्लबनं रविवारी नव्या पोरांचे फोटो टाकले. डाव्या बाजूला एक कुरळ्या केसांचा मुलगा होता, अकरा नंबर घालून. नातवानं तो फोटो मला दाखवला नाही, सूनबाईनं दाखवला. नातू माझ्याशी बोलत नव्हता. बोलायचंच झालं तर आईमार्फत. "अम्मा, तातांना सांग, त्यांचा चष्मा फ्रिजवर आहे."

आठ दिवसांनी तो सकाळी सरावाला निघाला होता. पायरीवर बसून बूट बांधत होता. पाठीवर तेवीस नंबर. ती जर्सी त्याला ढगळ होते, खांद्यावरून घसरते. मी शेजारी उभा राहून झाडांना पाणी घालत होतो. तो वर न बघता म्हणाला,

"ताता, एक विचारू? तुमच्या कागदावर कायमची नोकरी असं लिहिलं होतं. ते नसतं तर तुम्ही आला असता का?"

पन्नास-पंचावन्न वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत आलोय. मी विचार करून आलो, नोकरी पक्की बघून आलो, नुसता खेळाच्या मागं लागून आलो नाही. बायकोला हेच सांगितलं, मुलाला हेच सांगितलं. त्यालाही तेच सांगणार होतो. तोंड उघडलंही.

"कागद इंग्रजीत होता," मी म्हणालो.

"मग?"

"मग काय. मला काय कळतंय इंग्रजी? त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली. कायम का काय ते मला इथं येऊन वर्षानं कळलं, फोरमननं सांगितल्यावर."

त्याचे हात थांबले. वर बघितलं. "म्हणजे कायम लिहिलेलं नसतं तरी..."

"आलो असतो."

"आणि गुडघा गेल्यावर?"

"गेलो असतो परत. मागच्या बोळातनं."

तो हसायला लागला. गेल्या आठ दिवसांतलं पहिलं हसणं, आणि तेही माझ्यावर. "आणि मला एवढं नाचवलंत! जर्सी काय, नारळ काय, ओळ लिहून घे काय!"

"मी तुला जाऊ नको म्हणालो होतो का? एकदा तरी? विचारून घे म्हणालो."

"तुम्ही नव्हतं विचारलं."

"म्हणून तर."

त्यानं दुसऱ्या बुटाची गाठ मारली, दोनदा, मी शिकवली तशी. उठला, पिशवी घेतली. फाटकापाशी जाऊन वळला. उन्हाळ्यात आणखी एका क्लबचा माणूस येणार आहे म्हणे, कोचनीच बोलावलाय.

"पण या वेळी तुम्हाला आधी सांगणार नाही, ताता."

"मला नको सांगूस. कोचला सांग आधी." आणि तो ऐकू येण्याच्या पलीकडं जायच्या आत ओरडलो, "आणि जर्सी मी नेणार नाही, तुझी तू ने!"

सूनबाई आतून म्हणाली, "मामा, सकाळीं सकाळीं कोणावर ओरडतां?"

कोणावर म्हणून सांगू.